धावजीच्या नावाचा वाटा

नेर,
२ फेब्रुवारी २०२५

प्रेमभिया,
जय सेवालाल.

तू माझा नंबर ब्लॉक केलास म्हणून हे पत्र. टपाल ब्लॉक करता येत नाही, एवढं एक बरं आहे.

संक्रांतीला मी जेवणाच्या ताटावरून उठून गोठ्यामागे जाऊन ओकले, आणि तू हसलास. "मास्तरीणबाईले नेरची हवा लागली" म्हणालास. पुढे फोनवर मी काही बोलायच्या आत तूच ओरडलास. आता मी लिहिते आणि तू गप वाच.

त्या दिवशी सकाळी मी याडीसोबत नाल्याकडे बोरं वेचायला गेले होते. तुझ्या कोंबड्यांच्या शेडच्या मागे, मोठ्या बोरीखाली. पाय ठेवला आणि तो भसकन घोट्यापर्यंत आत गेला. खाली जमीन नव्हतीच, प्रेमभिया. मेलेल्या कोंबड्या होत्या, वर दोन बोटं माती टाकलेली. पाय वर काढला तर चपलेच्या पट्ट्यात अळ्या वळवळत होत्या. पांढऱ्या, जाड, भाताच्या शितासारख्या. मी सात वेळा साबणाने पाय धुतला. अजूनही वर्गात फळ्यावर लिहिताना मध्येच मला माझ्या पायाची शिसारी येते आणि मी पाय मागे घेते. पोरं पाहतात.

आणि खड्ड्यातून जे काळं पाणी झिरपत होतं ते नाल्यात जात होतं. त्याच नाल्याच्या झऱ्यातून आपली आई, आपली याडी, उन्हाळ्यात पाणी भरते. शी! मला ती जागा नुसती आठवली तरी तोंडात पाणी सुटतं, ओकारीआधी सुटतं तसं. त्याच दुपारी हंसाभाभीने त्याच शेडमधली कोंबडी वाढली.

तुला राग येईल, पण सांगतेच. आपण वावरात सोयाबीन पिकवायचं, त्याची ढेप तुझ्या कोंबड्यांनी खायची, घाण आपल्याच नाल्यात सोडायची. एप्रिलमध्ये तांड्यावर टँकरपुढे गुंड्या-घागरींची रांग लागते तेव्हा तुझ्या शेडची टाकी भरलेली असते. कशासाठी? तर आठवड्यातून तीनदा चिकन पाहिजे म्हणून. पूर्ण सोडा असं मी कोणाला म्हणत नाही. कमी खा, एवढंच म्हणते. माती, पाणी थोडं तरी उरू द्या.

मी सुरुवात आपल्या घरापासून केली आहे. होळीला तांड्यात बकरा कापतात आणि घराघराच्या नावाने वाटे लावतात. त्यात बा जाऊन नऊ वर्षं झाली तरी आपल्या घराचा वाटा त्याच्याच नावाने निघतो. मी तांड्याच्या नायकांना, पूनमसिंगकाकांना, कागद दिला आहे: "धावजी राठोड यांच्या नावाचा वाटा यापुढे काढू नये." एक वाटा कमी. बघू, दुसरं घर कधी पुढे येतं ते.

खड्डा आधी बुजव.

तुझी बहीण,
पुष्पा

*

तांडा, फुलसावंगी,
१२ फेब्रुवारी

पुष्पे,

तुहं पत्र भेटलं. पोस्टमननं अशी हाक मारली का अर्धा तांडा जमा झाला, लोकायले वाटलं मले बँकेची नोटीस आली. हंसा म्हणे वाचा, वाचा. वाचलं. लयच शाळेतली मराठी लिवते बाप्पा तू. "झिरपत होतं" म्हणे. आपल्या घरात कधी काही झिरपलं होतं काय?

आता माहं ऐक. त्या हप्त्यात थंडी कशी पडलती ते तुले माईत आहे. तीनशे पिल्लू मेलं. एकावर एक चढून, दबून मेले. मी एकटा माणूस. नाल्याकाठचा मुरूम इतका कडक का टिकास मारला तं हात झिणझिणे. जेवढा खंदला तेवढा खंदला, माती पडली तेवढी पडली. कंपनीवाला येते, पिल्लं देते, फीड देते, अन् मेलेल्यायचं काय करा विचारलं तं म्हणते तुमचं तुमी पाहा. तुले अळ्या दिसल्या एक खेप. मी रोज सकाळी शेडात शिरतो तवा काय दिसते ते लिवू काय? लिवत नाही. तू मंग आणखी सात खेपा पाय धुशीन.

अन् कमी खा, कमी खा कोणाले सांगून राह्यली? आपुन लहान होतो तवा वरसातून किती खेपा मटन खात होतो? होळी, दिवाळी, अन् कोणाची सगाई असली तं. इतवारी तुमच्या नेरच्या बसस्टँडजवळच्या दुकानावर जाय अन् लाईन पाय. ते सारे तांड्यातले आहेत काय? तिथं उभी राह्यून सांग त्यायले पर्यावरण.

पण दुसरी एक गोष्ट माह्या ध्यानात बसून राह्यली नाही. नायकाले कागद कायले देला? मी त्यायले म्हटलं, काका, पोरगी आहे, शिकेल आहे, डोकं फिरलं तिचं, फाडून टाका. तं म्हणे, कसा फाडू, अंगठा आहे त्याच्यावर. कोणाचा अंगठा, ते सांगतलं नाही. नुसते हसले. मले काही ते हसणं बरं नाही वाटलं.

होळीले दिग्रसकडचे पावणे येऊन राह्यले, आपल्या जयाच्या सगाईसाठी. पोरगा चांगला आहे, माह्या पोरीले पसंत आहे. तवा तू लवकर लिव, कोणाचा अंगठा घेतला ते.

प्रेम

*

तांडा, फुलसावंगी,
१६ मार्च

पुष्पे,

महिना झाला, तुहं उत्तर नाही. आता लिवू नको म्हटलं तरी चालते. समजलं मले कोणाचा अंगठा होता ते.

धुळवडीच्या दिवशी बकरा कापला. नेहमीसारखी पळसाची पानं वळीनं मांडली, एकेका पानावर चार बोट्या, कलेजीचा तुकडा, अन् बाजूच्या पितळी गंजात रक्ताची सळोई. कारभारी एकेक नाव पुकारत होता, घरचं माणूस ताट घेऊन पुढं जात होतं. याडी पाटलीणबाईसारखी लुगडं नेसून वळीत बसलती. बाच्या नावाचा वाटा तीच घेते, मले कधी घेऊ देत नाही, तुले माईत आहे. पावणे नायकाच्या बाजूले बाजंवर बसेल होते.

बासष्ट घरं आहे तांड्यात. एकसष्ट नावं झाली अन् कारभारी हात पुसून उठला.

याडी म्हणे, "अरे, माह्या माणसाचं नाव राह्यलं." कारभारी नायकाकडं पाहे. नायकानं खिशातून तुहा कागद काढला अन् वाचला. "धावजी राठोड यांच्या नावाचा वाटा यापुढे काढू नये. लालीबाई धावजी राठोड, अंगठा." याडी म्हणे, "हे मी कवा म्हटलं?" नायक म्हणे, "वहिनी, अंगठा तुमचा आहे."

मंग ती रिकामं ताट घेऊन घरी आली. मैदानातून. साऱ्या लोकायच्या समोरून.

तुले आता सांगाची गरज आहे काय, आपल्या तांड्यात वाटा बंद म्हणजे काय ते? वाटा बंद म्हणजे घर बंद. त्या घरात कोणी पोरगी देत नाही अन् त्या घरची पोरगी कोणी नेत नाही. बाच्या जवानीत एका घराचा झालता, ते लोकं बैल जुपून निंगून गेले ते आजपर्यंत कुठं गेले कोणाले माईत नाही. आपल्या घराचा कोणी बंद केला नाही, पुष्पे. आपुनच लेखी मांगून घेतला. असं येडेपण तांड्यात कोणं केलं नव्हतं.

पावण्यायनं चहा घेतला, तो बी उभ्यानं. सगाईचा गूळ तसाच पुडीत राह्यला. पोराचा बाप मले म्हणे, तुमच्या घरचं पहिले निस्तरा, मंग पाहू.

जयानं सगाईची ओढणी घडी करून पेटीत ठेवून देली. याडी तं तुह्या नावानं थुकते. मले तुही किळस आली आहे. तुह्या चपलेत अळ्या होत्या ना, तशी.

प्रेम

*

नेर,
२२ मार्च

प्रेमभिया,

तुझं पत्र मी शाळेत उघडलं. मधल्या सुट्टीत. मग पुढचे दोन तास पोरांना चित्रं काढायला लावली आणि खिडकीकडे तोंड करून बसले.

अंगठा मी घेतला. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, बस यायच्या आधी. याडी पेन्शनचा कागद आहे काय म्हणाली. मी म्हटलं, मटणाचा आहे, लाव. तिला ऐकू गेलं की नाही मी पाहिलं नाही. शाईचा पॅड माझ्या पर्समध्येच होता, हजेरीपटाचा. तुझं पत्र आलं तेव्हा हे लिहायची लाज वाटली म्हणून मी उत्तर दिलं नाही. मला वाटलं होळी होऊन जाईल, एक पान कमी लागेल, आणि विषय संपेल.

वाटा बंदचा अर्थ मला माहीत नव्हता असं लिहायला बसले होते. मग ती ओळ खोडली. खोटं आहे. लहानपणी मी हजार वेळा ऐकलं होतं. पण अठरा वर्षं नेरात राहून वाटा म्हणजे मला फक्त मटण वाटायला लागलं. पावकिलो, अर्धा किलो. सरकारी शाळेत पोषण आहाराचा तांदूळ मोजते ना मी, तसंच.

थू माझ्यावर. मुलांना "अंगठेबहाद्दर राहू नका, वाचल्याशिवाय सही करू नका" शिकवते, आणि घरी जाऊन स्वतःच्या आईचा अंगठा धरून कागदावर दाबते. नायककाका त्या कागदावर हसले असतील तर बरोबरच हसले. पण त्यांचीही मला चीड आली आहे. म्हातारी समोर उभी राहून नाही म्हणते, आणि हा माणूस कागद वाचून दाखवतो! तोंडापेक्षा अंगठा खरा कधीपासून झाला आपल्यात?

मी त्यांना आजच वेगळं पत्र टाकलं आहे: माझी चूक आहे, वाटा चालू करा, जयाचं मोडू नका. त्यात मटण कमी खाण्याबद्दलही लिहिलं आहे, तो कागद का दिला होता ते कळावं म्हणून.

एक मात्र मागे घेणार नाही. त्या खड्ड्याबद्दल लिहिलं ते. तो अजून तसाच आहे ना?

याडीला सांग. काय सांगायचं ते मला सुचत नाही.

पुष्पा

*

तांडा, फुलसावंगी,
२९ मार्च

पुष्पाबाई मास्तरणीस, पूनमसिंग नायकाचा राम राम.

तुमचा कागद पोचला. दोन पानं भरून लिवलं, वाचाले मले सकाळ गेली.

बाई, तुमी मले बोल लावला का म्हातारीचं ऐकलं नाही म्हणून. ऐकलं असतं. पण तुमीच ना, दोन वर्साखाली रेशनच्या भांडणात मले चारचौघांत म्हटलं होतं, काका, तोंडचं कोणी धरत नाही, लेखी पायजे, अंगठा पायजे? तवापासून मी लेखी धरतो. तांडा हासला होता त्या दिवशी माह्यावर. मी विसरलो नाही. हे बी खरं आहे, लपवत नाही.

आता रीत सांगतो. कागदानं वाटा बंद होते, कागदानं चालू होत नाही. ज्यानं बंद केला त्यानं यावं, नाव पुकारल्यावर उठावं, अन् साऱ्यायसमोर वाटा दोन्ही हातानं घ्यावा. झालं. दिग्रसच्या पावण्यायशी मी बोललो, ते अखजीले, तुमच्या अक्षय तृतीयेले, येते. त्या दिवशी बकरा मी देतो. तुमी या.

तुमी लिवलं का मटन कमी खाल्लं तं पाणी वाचते, झाड वाचते. असंल. तुमी शिकेल आहा. पण एक बकरा, डोंगरातला पाला खाऊन वाढला, त्याच्यात बासष्ट घरं. एका घरी चार बोट्या अन् पळीभर सळोई. याच्याहून कमी कसं खावं ते तुमी सांगा, मी तांड्याले सांगतो. तुमच्या भावाच्या शेडातून हर इतवारी तांड्यावर कोंबड्या येते. त्याचे वाटे कोणी लावत नाही. ज्याले जेवढी पायजे तेवढी नेते, एकेका घरी दोन दोन. उरली ते कुत्रे ओढते. तुमाले कागद द्यायचाच होता तं त्याचा द्यायचा, बाई.

पूनमसिंग नायक

*

नेर,
८ एप्रिल

प्रेमभिया,

नायककाकांचं पत्र आलं. तीनदा वाचलं. कोंबड्यांचं त्यांनी जे लिहिलं त्याचा राग दोन दिवस पुरला. शेवटी तुमचे जावई, श्रावणराव, म्हणाले, माणूस बरोबर बोलला म्हणून इतकं काय चिडते?

मी येते अखजीला. वाटा दोन्ही हातांनी घेणं म्हणजे काय, ते मला कळतं. घ्यायचा आणि सगळ्यांसमोर खायचा. बोट्या एकवेळ गिळीन. पण सळोई! मले ते गंजातलं रक्त आठवते, थिजलेलं, चाकूनं कापून वाफ निघणारं, अन् लगेच पायाखालचा तो खड्डा आठवते. एकाच्या मागं एक. पाह्य, तुह्यासारखंच लिवायले लागली मी.

जानेवारीपासून मी मांसाचा तुकडा तोंडात घातला नाही. आता घालीन. जयासाठी घालीन, तिचं लग्न माझ्या ओकारीपेक्षा मोठं आहे. पण तू एक सांग. खावंच लागते काय? नुसता हातात घेऊन याडीकडे दिला तर चालणार नाही? नायककाकांना विचारायला मला तोंड नाही. तूच लिही. दोन ओळी लिही. मी वाट पाहते.

पुष्पा

*

तांडा, फुलसावंगी,
५ मे

पुष्पाले याडीचा आशीर्वाद.

(फूफी, मी जया. दादी सांगते तसंच लिवून राह्यली. माह्यावर चिडू नको.)

तू अखजीच्या दिवशी तिथूनच बसमधी बसली, घरी आली नाही. तुहं तोंड हिरवं झालतं. आर्णीपर्यंत तरी टिकलं काय पोटात?

तू गेल्यावर काय झालं ते ऐक. पावण्यायनं गूळ खाल्ला. पुडी मीच सोडली. पोराच्या बापानं पहिला खडा घेतला, मंग नायकानं. जयाचं लग्न दिवाळीनंतर आहे. पोरगं लाजत होतं, पण जया कायची लाजते. (दादी, हे नको ना लिवाले सांगू.) लिव.

प्रेमनं जेसीबी बलावला. नाल्यापासून दूर, वरच्या खडकाकडं खोल खड्डा केला, बुडात चुना टाकला. जुना खड्डा उकरून सारं तिकडं नेलं. दोन दिवस तांड्यात कोणी जेवलं नाही, असा वास सुटला होता. आमी नाकाले लुगडं बांधून बसलो. आता झऱ्याचं पाणी बरं आहे म्हणते, पण मी अजून तिथं भरत नाही, मले नाही होत. शेड कवा बंद करतो विचारलं तं प्रेम उठून शेडाकडं निंगून जाते. पण एक सांगतो तुले. तो बी खात नाही कोंबडी. शेडात पिल्लायची दुसरी खेप भरल्यापासून नाही खाल्ली. ताटात घेते, हंसा उठली का कुत्र्याले टाकते. त्याले वाटते कोणाले दिसत नाही.

अन् माहं बी ऐकून घे. शेड झालं तवापासून मी मटनाचा घास तोंडात घातला नाही. तीन वर्स झाले. घास वर नेला का तो वास नाकात येते. कोणाले सांगतलं नाही, सांगाची काय गरज? होळीले तुह्या बाच्या नावानं वाटा घेतो, पदराखाली झाकतो, अन् बाजूच्या गंगीच्या घरी नेऊन देतो. तिच्या घरी खाणारे सहा तोंडं. वाटा घ्याचा असते, पोरी. खाचाच असते, असं कोणं सांगतलं तुले? कोणाच्या घरी काय शिजते अन् कोण खाते, हे आपल्या तांड्यात कोणी डोकावून पायलं आहे काय? तुले खाचं नव्हतं तं नाही खाचं. कागद कायले? मले विचारलं असतं तं दोन बोलात सांगतलं असतं.

अखजीले तू नाव पुकारल्यावर उठली, दोन्ही हातानं पान घेतलं. नायक म्हणे, झालं बाई, बसा. तवाच झालतं सारं. पावणे बी उठाले लागले होते. पण तुह्या कानात काही गेलं नाही. तू तिथंच मातीत बसली, पान मांडीवर घेतलं, अन् खाले लागली. चारी बोट्या. मंग सळोई, हातानं, पळीभर पुरी. डोळ्यातून पाणी वाहे, नाकातून वाहे, अन् तू गिळे. सारा तांडा पाहे. नायकाचं तोंड उघडंच राह्यलं. पोराची माय मले हळूच म्हणे, तुमची पोरगी उपाशी होती काय?

तुहं एप्रिलचं पत्र मले जयानं वाचून दाखवलं होतं. खावंच लागते काय, विचारलं होतं तू. प्रेम उत्तर लिवाले बसला होता. म्हणे, याडी, तिले लिवतो का नुसता हातात घ्याचा असते.

मी त्याच्या हातातून पेन घेतला. म्हटलं, नाही लिवाचं. खाऊ दे तिले.

तुही याडी,
लालीबाई